बियाला राखलेला दोडका

आक्का, दोडक्यातलं माझ्याइतकं आपल्या सगळ्या शिवारात कोणाला कळत नाय. काल सकाळी मी बियाला राखलेला दोडका कानाशी धरून वाजतो का म्हणून हलवत बसलो, तर मागून सुमन म्हणली, "अहो, हिरवा हाय अजून तो. वाजंल कसा?"

तर अशी आपली अक्कल. तुला काय नवीन नाय.

हे मी बोलतोय आन् माझी पोरगी वैशाली लिहून घेतीय. कॉलेजात जाती ना आता, हात लय भराभर चालतो तिचा. मी शाळेत गेलो दीड दिवस. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत घरी आलो, ती सुट्टी अजून संपली नाय. वैशाली म्हणती, "आप्पा, हे पण लिहू का?" म्हणलं लिही. आक्काला माहीतच हाय, तिनंच तव्हा पाठीत धपाटा घालून परत धाडलं व्हतं आन् मी परत जाऊन नदीवर बसलो व्हतो.

तुझ्या दहाव्याला गंगेवर लय लोकं आले. एक पुढारी उभा राह्यला, म्हणला तुझं जीवन म्हंजे कष्टाचा डोंगर. तुझं नाव मात्र चुकला. कोणीतरी मागून सांगितलं, तर तो म्हणला, "नावात काय आहे, काम महत्त्वाचं." तू असती तर त्याला तिथंच विचारलं असतं, का रं, मतदानाच्या चिठ्ठीवर बरं नाव बरोबर येतं. मंग कोणीतरी म्हणलं, नामदेव, तुम्ही धाकटे भाऊ, दोन शब्द बोला. मी उठलो. समोर ही गर्दी. दोनच शब्द बोललो. "जेवून जा."

लोकांना कळंना हसावं का रडावं. सुमननं पदर तोंडाला लावला. मला अजून माहीत नाय, ती कोणत्या कारणानं.

खरं सांगू? बोलायचं व्हतं ते दोन शब्दांत मावणारं नव्हतं, आन् चारचौघांत सांगण्यासारखंबी नव्हतं. माझं एक खोटं हाय, आक्का. बारा वर्षांचं. दोडक्याचं. तू व्हती तवर पोटात ठेवलं. आता तीन दोडके वेलावर वाळायला राखलेत, त्यांचं बी काढून ठेवायचं कोणी आन् कोणाच्या नावानं ठेवायचं, ते मला ठरवायचंय. त्याच्या आधी हे तुझ्या कानावर घातलं पायजे.

भादवा चाललाय. पितरपाठ बसलाय, म्हंजे आपला सीझन. तू म्हणायची, "जित्यापणी म्हाताऱ्याला एक भाजी, मेल्यावर सात." गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात बायका यादी घेऊन येतात, गवार, भेंडी, कारलं, भोपळा, दोडका, आळूची पानं. लोकांच्या पितरांवर आपण पंधरा दिवस जगायचो. तुझं ताट मात्र यंदा नाय, बरं का. पयलं वरीस हाय, तुला पुढल्या सालापासून. नवीन माणसाला लगेच पंगतीत घेत नाय म्हणतात. तिकडंबी वशिला लागतो का काय कोणास ठाऊक.

पाच वाजता उठतो मी. खोटं, सुमन उठवती. बांधावर दहिवर इतकं पडतं की पोटऱ्या भिजतात. भेंडी तोडायला गेलो की अजून वाटतं पुढच्या सरीत तू असशील, डोक्याला टावेल, अंगात माझा लग्नातला शर्ट. भेंडीची कूस लागू नये म्हणून तू तो लुगड्यावर चढवायची. मी एकदा म्हणलं, "आक्का, माझ्या लग्नातला हाय तो." तू म्हणली, "लग्नात काय उजेड पाडला यानं? इथं तरी कामाला येतोय." तो शर्ट दोडक्याच्या मांडवाच्या खांबाला तसाच अडकवलेला हाय. कोणी काढला नाय. परवा त्याच्या खिशात सुतळीचा तुकडा आन् अर्धी सुपारी सापडली. सुपारी मी खाल्ली. रागवू नको.

शेजारच्या रानात आता चार मजली बिल्डिंगी झाल्यात. पोरांचा बॉल अजून येतो मेथीत. तू असताना ते पोरगं भीत भीत यायचं आन् तू बॉलबरोबर कोथिंबिरीची जुडी द्यायची, "आईला दे, म्हणावं बॉलनं मेथी मोडली, म्हणून मेथी पुढच्या वेळी." मी नुसता बॉल देतो. मंग परत हाक मारून जुडी देतो. लक्षात राहत नाय माझ्या.

तर दोडका.

तुझं लग्न झालं तव्हा मी लहान व्हतो. आईनं तुझ्या पदराच्या गाठीला दोडक्याचं बी बांधलं व्हतं. आपल्यात चालच हाय तशी, लेक सासरी जाती ती घरचं बी घेऊन जाती. तीन वर्षांनी तू परत आली, एक ट्रंक घेऊन. का आली, ते आईनं विचारलं नाय, बापानं विचारलं नाय, मी तर विचारायच्या वयाचा नव्हतो. नंतर वय झालं तव्हा मी येड्यासारखा विचारून बसलो. आठवतं? मोटरीच्या खोलीपाशी आपण मेथीच्या जुड्या बांधत बसलो व्हतो. तू पयल्यांदाच त्या दिवसांचं कायतरी बोलली. म्हणली, "बी तसंच परत आणलं मी, नामा. त्यांनी लावायला वीतभर जागा दिली नाय. म्हणले, आमच्यात बाहेरचं बी चालत नाय."

आन् मी म्हणलो, "सासरचा दोडका कडू निघाला म्हण की."

हसायला म्हणून बोललो. मला कोणी गंभीर बोलायला लागलं की तोंडाला खाज सुटती. तू हसली नाय. हातातली जुडी बांधली, दुसरी घेतली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. तिसऱ्या दिवशी म्हणली, "नामा, चहा घे." मी घेतला. तो विषय तिथं संपला तो संपलाच. पुढं काय सांगणार व्हती तू त्या दिवशी? मी तोंड मिटून बसलो असतो तर अजून काय बोलली असती? आता ते कोणाला विचारू?

ते परत आलेलं बी तू आपल्या मांडवाखाली लावलं. तव्हापासून दर साली तेच. राखेत घालून, डब्यात, डबा चुलीच्या वरच्या फळीवर. गावातल्या निम्म्या लेकी तुझं चिमूटभर बी पदराला बांधून सासरी गेल्या. देताना तुझं ठरलेलं वाक्य, "आमच्या आईचा दोडका हाय. लावायला जागा मागून घे, आधीच."

आन् चाखायचं तुझं येड. दर वेलाचा पयला कवळा दोडका तू तोडायची, नखानं चकती काढायची आन् कच्चीच तोंडात टाकायची. दोडक्यात एखादा वेल कडू निघतो, दिसायला सारखाच असतो, ते चाखल्याशिवाय कळत नाय. कडू निघाला की वेल उपटायचा. गोड निघालेल्यातला जो सगळ्यात चांगला, त्याच्यावरच्या एका दोडक्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी म्हंजे याला हात लावायचा नाय, हा बियाचा. म्हातारा होऊ द्यायचा, वाळू द्यायचा. मंग तू रोज कानाशी धरून हलवायची. आतलं बी सुटून खुळखुळ वाजलं की म्हणायची, "वाजला."

एका साली तू मला म्हणली, "नामा, खालच्या दहा वेलांचं तू चाख." मला कच्चा दोडका तोंडात घेतला की साबण खाल्ल्यासारखं व्हतं. मी दहाच्या दहा वेलांपाशी उभा राहून बिडी ओढली आन् सांगितलं, "गोड हायेत सगळे." तो पितरपाठच व्हता. बुधवारी बाजारात एक पंचवटीची बाई तावातावानं आली आन् शिजवलेल्या दोडक्याचं पातेलं आपल्या पाटीपुढं आदळलं.

"खाऊन बघा. माझ्या सासऱ्याच्या पानात कडू भाजी वाढली मी. जित्यापणी मी त्यांना चांगलं घातलं नाय असं जाऊ आधीच सांगत फिरती. आता तिला काय सांगू?"

मी म्हणलो, "बाई, पितराच्या ताटात कारलं असतंच की. कडूचं काय एवढं?"

"कारलं मी कारलं म्हणून घेतलंय," ती म्हणली.

तू पातेल्यातली एक फोड उचलली, माझ्यापुढं धरली. "चाख." भर बाजारात. मी तोंडात टाकली. आक्का, ती कडू नव्हती, ती डोळ्यांतून निघत व्हती. म्हणलो, "गोड हाय." आन् पालकाच्या पाटीमागं जाऊन ओकलो. ती बाई हसायला लागली म्हणून वाचलो. तू तिला पाटीतली सगळी भाजी अशीच दिली आन् घरी येईपर्यंत मला एवढंच म्हणली, "लोकं आपल्या भरवशावर मेलेल्यांना जेवू घालतात, नामा."

त्याच्यानंतर मला तू चाखायला लावलं नाय. चाखणं तुझं, उचलणं माझं.

आता ते साल. वैशाली शाळेत जायला लागली व्हती. पाऊस मागं लांबला, मांडवावरचे राखलेले दोडके एकेक सडले. एकच राह्यला, चांगला हातभर, चिंधी बांधलेला. आन् नेमकी तू हिवतापानं पडली. अंथरुणावरनं उठता येईना. सगळं रान माझ्या हातात. गावातली लोकं मला वाटंत धरून विचारायची, "आक्का कव्हा उठतीय?" माझी विचारपूस नव्हती ती, रानाची व्हती.

एक दिवस चिखलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बाजाराला जायची घाई. समोर मांडवावर चिंधी दिसली. आता तुला वाटंल नामाला चिंधीचा अर्थ माहीत नव्हता. माहीत व्हता, चांगला माहीत व्हता. मी म्हणलो, चप्पल बांधू, संध्याकाळी दुसरी चिंधी आणून लावू. त्या हिरव्या काठाच्या चिंधीनं चप्पल बांधली आन् गेलो. संध्याकाळी काय आठवलं नाय. दुसऱ्या दिवशी पहाटं अंधुक उजेडात दोडके तोडताना एक हातभर लांब, भरलेला हाती लागला. मी म्हणलो, वा नामदेव, काय माल काढलाय. तोडला आन् दिसावा म्हणून पाटीत सगळ्यात वर ठेवला. एका खानावळवाल्यानं नेला. आक्का, मी सबंध बाजारभर त्या दोडक्याची शेखी मिरवली. एकाला तर म्हणलो, "आक्का आजारी हाय, हे सगळं माझ्या हातचं हाय."

घरी आलो तर तू खाटंवरनं विचारलं, "नामा, वाजला का?"

मी खाली बघितलं. माझ्या पायातल्या चपलेवर चिंधी.

पाय खाटेखाली घेतला आन् म्हणलो, "वाजतोय थोडा थोडा."

त्या खानावळीत पळत गेलो. तो म्हणला, "तो व्हय? दांडका व्हता नुसता. आतून जाळीच. फेकला." कुठं फेकला विचारलं. म्हणला, गाय घेऊन गेली. म्हणजे गाय आली आन् खाऊन गेली. डब्यात पाहिलं तर जुनं बी पेरणीलाच संपलेलं. ज्या लेकींना तू दिलं व्हतं त्या लांब लांब, कोणाकडं मागायला जाऊ? जिथं जाईन तिथनं तुझ्यापर्यंत येणारच. सासरहून तसंच परत आणलेलं, इतक्या वर्षं राखलेलं आईचं बी माझ्या चपलेपायी गेलं. त्या दिवशी मी जेवलो नाय. सुमननं विचारलं पोट दुखतंय का, म्हणलं व्हय.

मंग मी काय केलं ते ऐक.

दुसऱ्या दिवशी एष्टीनं येवल्याला गेलो. घरी सांगितलं, कांद्याच्या रोपाचं बघून येतो. तिथनं आत सुमनच्या माहेरी. सासूबाई दारातच बसल्या व्हत्या. एकटा जावई, न सांगता, हातात कायबी नाय. त्या उठल्याच. "जावईबापू, सुमनला काय झालं?" म्हणलं, तिला काय नाय, मला एक वाळका दोडका पायजे. सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की लेक कोणाच्या घरात दिली मी. पण काय विचारलं नाय. आढ्याला टांगलेला एक काढला, कापडी पिशवीत घातला, वरनं चार भाकरी घातल्या. म्हणल्या, "पिशवी तेवढी परत पाठवा. चांगली हाय."

मी चिंधी चपलेवरनं सोडली, पाटाच्या पाण्यात धुतली, त्या येवल्याच्या दोडक्याला बांधली आन् दोऱ्यानं वेलाला लटकावला. लांबनं बघितलं तर आंब्याच्या झाडाला नारळ बांधल्यासारखं दिसत व्हतं. मला वाटलं पयल्या नजरंत पकडला जाणार. वाटलं म्हंजे, जावं असंच वाटत व्हतं थोडं.

चार दिवसांनी तू काठी टेकत रानात आली. सरळ मांडवाखाली. हात वर केला, दोडका कानाशी धरला. तुझे गाल आत गेलेले, डोळे मिटलेले. हलवला. खुळखुळ.

"वाजला," तू म्हणली. "यंदा लवकर वाळला."

"ऊन लय व्हतं," मी म्हणलो.

"आपल्या आईचा दोडका असाच वाजतो, नामा. दुसऱ्याचा असा वाजत नाय." आन् तुझ्या डोळ्यात पाणी. मंग कोण तोंड उघडणार? तू सांग.

पुढच्या साली वेल आले. दोडका थोडा आखूड, शिरा धारदार. तू हातात फिरवून म्हणली, "यंदा शिरा टोचत्यात." मी म्हणलो, शेणखत जास्त पडलं. त्या दिवशी घरात सुमननं पयला दोडका विळीवर घेतला आन् तशीच थांबली जरा वेळ. मला वाटलं बोट कापलं. ती म्हणली, "याच्या शिरांची चटणी व्हईल. आधीच्या दोडक्याची व्हत नव्हती." आन् तीळ भाजायला घेतले. तुला ती चटणी एवढी आवडली की भाजी बाजूला सारून तू दोन भाकरी चटणीसंगट खाल्ल्या. वर म्हणली, "बघ सुमन, याला म्हणतात दोडका. तुमच्या येवल्याची पैठणी चांगली, दोडका नाय. तिकडचा दोडका म्हंजे दोरखंड."

सुमन म्हणली, "अजून घ्या, आक्का."

दर साली हेच. पितरपाठात दोडका निघाला की तू येवल्याला नावं ठेवायची, सुमन वाढायची आन् मी ताटात बघून जेवायचो. मी असा गप जेवतो म्हणून गावात मला समजूतदार म्हणायला लागले व्हते. दरवेळी वाटायचं, आज सांगू. मंग तू कोणातरी लेकीच्या पदरात बी बांधायची, आमच्या आईचा दोडका हाय म्हणायची, आन् माझं सांगणं पुढल्या सालावर जायचं.

दोन वर्षांमागं सासूबाई गेल्या. सुमन निघाली तव्हा तू डबा काढला, मूठभर बी कागदात बांधलं आन् तिच्या हातात दिलं. म्हणली, "तिकडं तुझ्या आईच्या दारात लावून ये. म्हातारीचं संपलं असंल." मी मनात म्हणलो, काय बाई हाय ही, मयताच्या घरीबी आपला मोठेपणा न्यायला निघाली. सुमननं बी घेतलं आन् तुझ्या पाया पडली. एरवी ती सणालाबी लगबगीत विसरायची. तुम्ही दोघी बराच वेळ तशाच उभ्या व्हत्या. मला एष्टीची घाई. मी म्हणलो, "चला, चला."

यंदा आषाढापासून तू खाटंवर. दवाखान्यात नेलं तव्हा तुझा हात धरून बसलो व्हतो. उगा दवाखान्यातल्या जेवणाची नक्कल करून दाखवत व्हतो, शेजारची बाई हसत व्हती. तुला हसू येत नव्हतं, पण बघत व्हती. मंग मी म्हणलो, "आक्का, एक सांगायचं व्हतं. दोडक्याचं."

तू म्हणली, "गवारीला पाणी दिलं का?"

"दिलं," मी म्हणलो. ते खोटं नव्हतं. आयुष्यात एकदा खरं बोललो, तेबी नको त्या वेळी.

तू डोळे मिटले. मी म्हणलो, झोपू दे, उद्या सांगू. श्रावण सरता सरता तू गेली.

म्हणून काल मांडवाखाली गेलो व्हतो. तीन दोडक्यांना चिंध्या व्हत्या. मला वाटलं तूच बांधल्या असतील. हात लावून रडू यायला लागलं. मंग डोक्यात आलं, आषाढापासून तू खाटंवर, आन् हे दोडके धरले श्रावणात. चिंधी नीट बघितली. जांभळी. सुमनच्या जुन्या साडीची. तिनं वेल चाखले, निवडले, बांधले, आन् मला पत्ताबी नाय. मी म्हणलो, आता हिलाबी सांगावं लागंल, का बाई, तू एवढ्या निगुतीनं आमच्या आईचं म्हणून जे राखतीय ते आमच्या आईचं नाय. ते तुझ्याच आईचं हाय. आन् तुझ्या तोंडावर तुझ्याच आईच्या दोडक्याला बारा वर्षं नावं ठेवली गेली, ती माझ्यामुळं.

तर झालं, आक्का. सांगितलं. कडू निघालो मी, चाखायचा राह्यलो. तुझं तुला काय म्हणायचं ते म्हण. दोन दिवस बोलू नको, तिसऱ्या दिवशी चहाला हाक मार.

वैशाली लिहायची थांबलीय. ती माझ्याकडं बघत नाय, माझ्या मागं बघतीय. मागं सुमन गवार निवडत बसलीय. कव्हापासून, ते माहीत नाय.

"झालं सांगून?" ती म्हणली.

म्हणलं, "झालं. तू सगळं ऐकलं?"

"ऐकायचं काय त्यात? माझ्या आईचा दोडका मला विळीवर घेतल्यावर कळणार नाय?"

"मंग बारा वर्षं बोलली का नाय?"

"आक्का दोन भाकरी खायच्या. काय बोलू?"

"आन् आक्काला?" मी विचारलं. "तिला कोणी सांगितलं व्हतं का?"

तिनं गवारीची शीर काढली, दुसरी शेंग घेतली. मी म्हणलो, "सुमन, माझ्या जिवाला किती घोर व्हता तुला माहीत नाय. ते बी मी कसं वाचवलं, कसं आणलं, एवढी वर्षं एकट्यानं कसं..."

"तुम्ही काय वाचवलं?" ती म्हणली. "दोडका माझ्या आईनं दिला, राखला आक्कांनी. तुम्ही नुसती पिशवी आणली. तीबी माझ्या आईची, अजून परत दिली नाय."